मुक्काम पोस्ट विद्यानगर

नाशिकच्या कॉलेज रोडला हे नाव कोणत्या कॉलेजमुळे मिळाले, हे आज तिथे कपडे घ्यायला किंवा मित्रांबरोबर कॉफी प्यायला येणाऱ्या तरुणाला चटकन सांगता येईलच असे नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर क्लासेसचे फलक आहेत. या गजबजाटातच गोखले एज्युकेशन सोसायटीचे आवार आहे. हंसराज प्रागजी ठाकरसी कला आणि आर. वाय. के. विज्ञान महाविद्यालय, म्हणजे नाशिककरांचे ‘एचपीटी’, इथलेच, आणि बी. वाय. के. वाणिज्य महाविद्यालयही इथलेच. एचपीटी १९२४ साली सुरू झाले. उत्तर महाराष्ट्रातले ते पहिले महाविद्यालय. टपालाच्या पत्त्यात या आवाराचे नाव ‘प्राचार्य टी. ए. कुलकर्णी विद्यानगर’ असे लिहितात. शंभरी ओलांडलेल्या संस्थेचा गौरव करणे सोपे आहे आणि तिला मोडीत काढणेही तितकेच सोपे आहे. अवघड प्रश्न वेगळा आहे: शहरातल्या अशा जुन्या महाविद्यालयाने शंभर वर्षांत नेमके काय उभे केले, आणि ते टिकवण्यासाठी समाजाने आज पैसे का मोजावेत? वाद घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही समोरच्याला ‘हेच मला म्हणायचे होते’ असे वाटेल इतक्या ताकदीने, आणि मग उत्तरपक्ष. इथे तीच रीत पाळली आहे. माझे मत उत्तरपक्षाकडे आहे हे आधीच सांगतो. पण पूर्वपक्षाचे काही म्हणणे मला शेवटपर्यंत खोडता आलेले नाही, तेही लपवत नाही.

पूर्वपक्ष: तुम्ही या कॉलेजची कथा सांगायला बसलात की कुसुमाग्रजांपासून सुरुवात करता आणि वसंत कानेटकरांवर येऊन थांबता. मी १८८२ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते, आणि तिच्यातला पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. आधी गावोगाव प्राथमिक शाळा काढा, असा त्यांचा आग्रह होता. तुमच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. मग त्यांच्या नावाने नाशिकला जे काढले ते कॉलेज कसे? आणि कोणासाठी? हे कॉलेज सुरू होऊन सहा वर्षे होत होती, तेव्हा, म्हणजे २ मार्च १९३० रोजी, याच गावात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. माणसाला देवळात जाऊ न देणाऱ्या गावात कॉलेजचे दार कागदावर सर्वांना उघडे असेल, पण त्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट किती जणांना मोकळी होती? मॅट्रिकपर्यंत जाणारेच मोजके, आणि ते कोणत्या घरांतले हे सांगायला नको. ज्याला तुम्ही शहराचे कॉलेज म्हणता, ते शहराच्या एका पेठेचे होते. त्याच्या शंभर वर्षांचा उत्सव करायचा तर आधी हा हिशेब मांडा.

उत्तरपक्ष: हिशेब मांडू, आणि फुल्यांचा आरोप मी नाकारत नाही. तो आजही अंगाला लागतो. पण हिशेब एका बाजूचाच मांडून चालणार नाही. १९२४ पूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. विनायक दामोदर सावरकर १९०२ साली नाशिकहून पुण्याला गेले ते फर्ग्युसनमध्ये शिकण्यासाठी. अशा शिक्षणाला फीपेक्षा परगावी राहण्याचा खर्च जास्त. म्हणजे गावात कॉलेज नसण्याचा काच सर्वांत आधी गरिबाला बसत होता. सधन घरातला मुलगा कुठेही जाऊ शकत होता, आणि जातही होता. कॉलेज जवळ येणे ही समतेकडे जाणारी पुरी वाट नाही, पण तिचा पहिला टप्पा नक्कीच आहे. दुसरे असे की प्राथमिक शाळा आणि कॉलेज यांना तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध उभे करता. गावोगाव शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, त्यांना घडवणारी हायस्कुले हवीत आणि हायस्कुलात शिकवायला पदवीधर हवेत. तिसरे, आणि माझ्या मते निर्णायक असे: ज्यांच्या नेतृत्वाखाली काळारामाचा सत्याग्रह झाला, त्या डॉ. आंबेडकरांनी काय केले ते पाहा. एचपीटी निघाले त्याच १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने वसतिगृहाचे काम हाती घेतले. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, आणि पुढच्याच वर्षी तिचे सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. कॉलेज ही वरच्या वर्गाची चैन असती, तर बाबासाहेबांनी आपली शक्ती तिथे लावली नसती. कॉलेज मूठभरांच्या ताब्यात आहे, म्हणून त्यांनी कॉलेज ही कल्पना टाकून दिली नाही. ती आपल्या माणसांपर्यंत आणली.

पूर्वपक्ष: बाबासाहेबांना स्वतःचे कॉलेज काढावे लागले, यातच माझे म्हणणे सिद्ध होते. नाशिकमध्येही तेच घडले. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, म्हणजे तुमच्या कॉलेजच्या दहा वर्षे आधीचा. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद घेऊन खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी काम करणारी ही संस्था. तिची सुरुवात उदोजी मराठा बोर्डिंगपासूनची आहे. कर्मवीर रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे यांची नावे असलेले तिचे के. टी. एच. एम. महाविद्यालय गंगापूर रोडवर उभे राहिले ते १९६९ साली. दलित मुलींसाठी नाशिकच्याच शांताबाई दाणी यांनी शाळा आणि वसतिगृहे उभारली. ज्यांना तुमच्या आवारात सहज जागा मिळाली असती, त्यांना हे सगळे वेगळे उभारण्याची गरज का पडली?

उत्तरपक्ष: कारण वर्गाची खोली आणि राहण्याची खोली या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि १९२४ च्या कॉलेजने पहिलीच गरज भागवली. ही त्याची मर्यादा मी मान्य करतो. बोर्डिंगवाल्यांनी ओळखले होते की पेठ-सुरगाण्याच्या किंवा कळवण-बागलाणच्या मुलाला दोन वेळचे जेवण आणि रात्री वाचायला दिवा मिळाल्याशिवाय कॉलेजचे दार उघडे असून नसल्यासारखे आहे. ती त्यांची दूरदृष्टी होती. पण या दोन परंपरा म्हणजे दोन शत्रूंची घरे असे मानू नका. या शहराचे शिक्षण दोघींनी मिळून पूर्ण केले. आणि ‘एका पेठेचे कॉलेज’ म्हणताना १९३२ हे सालही ध्यानात घ्या. काळाराम मंदिर सर्वांना खुले व्हावे या मागणीसाठी झालेल्या सत्याग्रहात त्या वर्षी वीस वर्षांचे विष्णू वामन शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, सहभागी झाले. ते तेव्हा याच कॉलेजच्या पिढीतले तरुण होते; १९३४ साली ते इथूनच बी. ए. झाले. एका विद्यार्थ्याच्या सहभागाने कॉलेज पुरोगामी ठरत नाही, एवढे मलाही कळते. पण ज्या घरांतून मुले येत त्या घरांची मते तशीच घेऊन ती बाहेर पडत नव्हती, एवढे तरी त्यातून दिसते. कॉलेजने समाज बदलला, असे मी म्हणत नाही. घर आणि जात यांच्या बाहेर उभे राहून विचार करण्याची जागा त्याने गावात निर्माण केली, असे म्हणतो. ती जागा आधी अरुंद होती. पुढच्यांनी ती रुंद केली.

पूर्वपक्ष: पुन्हा कुसुमाग्रज! हीच तर या लेखनाची खोड आहे. शंभर वर्षांत हजारो मुले इथून बाहेर पडली; त्यांतली चार नावे उचलायची आणि सगळे श्रेय इमारतीला द्यायचे. शिरवाडकरांच्या कवितेचा उगम तुम्ही टाइमटेबलात शोधणार का? प्रतिभा कॉलेजात शिकवता येत नाही. कानेटकर तर इथले विद्यार्थीही नव्हेत. ते सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकले, आणि कवी गिरीशांचे चिरंजीव असल्यामुळे साहित्य त्यांच्या घरातच होते. ते नाशिकऐवजी आणखी कुठे प्राध्यापक असते, तर नाटके लिहिली नसती का? ज्या हजारो मुलांनी इथे तीन-चार वर्षे काढली आणि पुढे बँकेत, कचेरीत, शाळेत किंवा घरच्या दुकानात आयुष्य घालवले, त्यांना या कॉलेजने काय दिले, याचा पुरावा दाखवा. नामवंतांची यादी हा पुरावा नाही, ती फक्त सजावट आहे.

उत्तरपक्ष: आक्षेप रास्त आहे, म्हणून यादी बाजूला ठेवतो आणि कानेटकरांचेच उदाहरण वेगळ्या अंगाने मांडतो. कानेटकर नाटककार झाले याचे श्रेय मी एचपीटीला देत नाही. मी फक्त एवढे पाहतो की बाहेरून आलेला इंग्रजीचा एक प्राध्यापक या गावात नोकरीला लागला आणि इथेच राहिला. पगार नियमित होता, वर्गात दरवर्षी नवी मुले येत होती, आणि संध्याकाळी त्याच्याकडे या गावासाठी वेळ होता. ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ मध्ये रंगमंचावर आले, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ मध्ये, ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ मध्ये. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीला नाटके पुरवणारा लेखक नाशिकमध्ये राहू शकला, कारण कॉलेजने त्याला इथे मुक्काम दिला. ‘प्रेमा तुझा रंग कसा’ मध्ये प्रोफेसर बल्लाळ आहेत; ‘अश्रूंची झाली फुले’ मध्ये तत्त्वनिष्ठ विद्यानंद आहेत आणि बेबंद लाल्याही आहे. कॉलेजचे आवार, शिक्षकाची अब्रू, संस्थाचालकांचे डाव, वाट चुकलेला विद्यार्थी हे सगळे मराठी माणसाने नाटकात पाहिले, ते रोज वर्गावर जाणाऱ्या माणसाने लिहिलेले होते. पण माझा मुद्दा नाटककाराचा नाहीच. नाटककार लाखात एक निघतो. त्याच्याबरोबर ज्या शिक्षकांनी या गावात बिऱ्हाडे केली, त्यांचा हा मुद्दा आहे. कोणी वाचनालयाच्या सभेत उभा राहिला, कोणी वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेला, तर कोणी हायस्कुलाच्या शिक्षकांना नवा अभ्यासक्रम समजावून दिला. गावातल्या मुलाने वाटेत थांबवून काही विचारावे, असे हे लोक होते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुस्तके गावात आधीच होती. ती वाचून त्यांवर वाद घालणारी माणसे पगारावर गावात वस्तीला आली ती कॉलेजमुळे. बँकेत किंवा शाळेत आयुष्य घालवलेल्या त्या हजारोंना मिळालेली गोष्ट हीच: ज्याला आपले नाव आणि आपली अडचण ठाऊक आहे असा एक शिकलेला माणूस आपल्याच गावात होता.

सुरगाण्याच्या आतल्या गावांतल्या लोकांना मुक्कामी एस.टी.चे मोल विचारून पाहा. दिवसा गावावरून जाणाऱ्या गाड्या असतात, पण भरवसा मुक्कामी गाडीवर. रात्री ती गावात उभी असते म्हणून सकाळी ती सुटणार, याची खात्री असते. माझ्या मते शहराचे कॉलेज म्हणजे मुक्कामी शिक्षक. इमारत, निकालाची टक्केवारी, नामवंतांच्या तसबिरी यांचा क्रम त्यानंतर लागतो. आणि ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. १८८४ च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा पाया आजीव सदस्यांच्या पद्धतीवर होता: तुटपुंज्या पगारावर निदान वीस वर्षे संस्थेत शिकवण्याची बांधिलकी. गोखले फर्ग्युसनमध्ये १९०२ पर्यंत शिकवत राहिले ते याच बांधिलकीतून. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१८ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी त्यांच्या नावाची संस्था काढली. तेव्हा वारसा निवडला गेला तो शिक्षकाच्या मुक्कामाचा.

पूर्वपक्ष: मुक्कामी गाडीची उपमा चांगली आहे, पण आता रस्ते झाले आहेत आणि ज्याच्या त्याच्या दारात दुचाकी आहे. तुम्ही वर्णन करता तो शिक्षक ज्ञानाचा एकमेव दरवाजा होता, तेव्हाचा काळ वेगळा. १९८९ साली याच नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी शिक्षण आवाराच्या भिंतीबाहेर नेले. ज्याला नोकरी सोडता येत नाही, जिला संसार सोडता येत नाही, त्यांना पदवीची वाट मिळाली. फुल्यांच्या कसोटीला हे विद्यापीठ तुमच्या कॉलेजपेक्षा जास्त उतरते. शिवाय आज कोणत्याही विषयावरची उत्तम व्याख्याने मोबाइलवर फुकट मिळतात. आणि स्पर्धा परीक्षा, वैद्यकीय, अभियांत्रिकी यांची तयारी कॉलेज रोडवरचे क्लास करून घेतात. अकरावी-बारावीची कितीतरी मुले नाव कॉलेजात घालतात आणि दिवस क्लासमध्ये काढतात. पालकांनी पैसे मोजून निकाल दिला आहे. रस्त्याचे नाव कॉलेजचे उरले आहे, शिक्षण समोरच्या इमारतीत गेले आहे. ते मान्य करण्यात कमीपणा कसला?

उत्तरपक्ष: मुक्त विद्यापीठाचा मला कॉलेजइतकाच अभिमान आहे, पण त्याचे काम कसे चालते तेही पाहा. विद्यार्थ्याला पुस्तके घरपोच मिळाली तरी शंका विचारायला अभ्यासकेंद्र लागते, आणि ही केंद्रे बहुतेक उभ्या असलेल्या महाविद्यालयांतच चालतात, तिथल्याच शिक्षकांच्या जोरावर. गंगा घरोघरी जायची तर तिला कुठेतरी उगम आणि घाट लागतोच. क्लासचे म्हणाल, तर क्लास आपले काम प्रामाणिकपणे करतो. पण ते काम ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे वेगाने काढण्याचे आहे. कोणता प्रश्न विचारण्यासारखा आहे, हे शिकवण्याची फी पालक त्याला देत नाहीत. आणि मोबाइलवरच्या व्याख्यानाबद्दल एकच साधी गोष्ट जवळून दाखवतो. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थी टायट्रेशन करतो. खाली शंकुपात्रात आम्ल आणि दर्शकाचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये अल्कली. डाव्या हाताने तोटी फिरवायची आणि उजव्या हाताने पात्र हलवत राहायचे. बराच वेळ काहीच होत नाही, म्हणून मुलगा तोटी जास्त उघडतो, आणि क्षणात सगळे गडद गुलाबी होते. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला रंग पाहूनच कळते की दोन-तीन थेंब जास्त पडले. ते म्हणतात, ‘ओतून द्या, परत घ्या.’ दुसऱ्या वेळी मुलगा थेंब थेंब सोडतो, आणि फिकट गुलाबी छटा पात्रात टिकून राहते. इथे जो घडतो तो हात, आणि हाताबरोबर स्वभाव: शेवटच्या थेंबाला घाई करू नये, आलेला आकडा आवडत नाही म्हणून तो खोडून सोयीचा लिहू नये. तो रंग पडद्यावर दाखवता येतो. जर्नलमधला जुळवून आणलेला आकडा ओळखून ‘हे वाचन तुमचे नाही’ असे सांगायला मात्र मुलाला ओळखणारा माणूस तिथे लागतो. कवितेच्या तासाला, अर्थशास्त्राच्या ट्यूटोरियलला आणि नियतकालिकासाठी आलेल्या पहिल्यावहिल्या कथेवर पेन्सिलीने खुणा करतानाही हेच घडते. माहिती सगळीकडे पोहोचते. चूक मात्र जवळच्यालाच दाखवता येते.

आणखी एक गोष्ट क्लासमध्ये किंवा मोबाइलवर होत नाही. क्लासमध्ये एकाच परीक्षेला बसणारी, फी भरू शकणारी मुले एकत्र येतात. कॉलेजच्या बाकावर पेठहून सवलतीच्या पासावर एस.टी.ने आलेली मुलगी आणि गंगापूर रोडवरच्या बंगल्यातला मुलगा शेजारी बसतात, एकाच नाटकाच्या तालमीला रात्री थांबतात आणि एकाच निवडीसाठी भांडतात. शहर वाढते तशा वस्त्या उत्पन्नाप्रमाणे वेगळ्या पडत जातात. नाशिक सातपूर-अंबडच्या कारखान्यांबरोबर आणि नव्या वसाहतींबरोबर असेच पसरले. अशा शहरात वेगवेगळ्या घरांतल्या तरुणांना तीन वर्षे रोज एकमेकांसमोर आणणाऱ्या जागा किती उरल्या आहेत, हे बोटांवर मोजून पाहा.

पूर्वपक्ष: तुम्ही चांगला शिक्षक गृहीत धरता. कायम नेमणूक मिळाल्यावर पिवळ्या पडलेल्या वह्यांतून तीच टिपणे वर्षानुवर्षे सांगणारे प्राध्यापक महाराष्ट्राने पाहिलेले नाहीत का? वेतन आयोगाप्रमाणे पगार घ्यायचा आणि विद्यार्थ्याला गाइड घ्यायला सांगायचे, हाही मुक्कामच. तासावर पैसे द्या, काम पाहा, पटले तर पुढच्या वर्षी बोलवा, यात गैर काय आहे? आणि सरकारचा पैसा अखेर कोणाचा? शेतकऱ्याचाच, कष्टकऱ्याचाच. फुल्यांचा प्रश्न तुम्ही अजून सोडवलेला नाही.

उत्तरपक्ष: पिवळ्या वहीचा आरोप खरा आहे, आणि ज्यांनी तसे केले त्यांनी केवळ विद्यार्थ्यांचे नुकसान केले नाही, कायम नेमणुकीची बाजू कमकुवत करून पुढच्या पिढीच्या शिक्षकांचेही नुकसान केले. पण रोगाला औषध द्यायचे सोडून आपण रोगी बदलला. अनुदानित महाविद्यालयांतली पदे निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि त्या जागी घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे बोलीभाषेत ‘सीएचबी’वर, नेमणुका होत गेल्या. हा शिक्षक नेट-सेट झालेला असतो, अनेकदा पीएच.डी.ही असतो. तो एका कॉलेजातले तास संपवून दुसऱ्या कॉलेजाकडे गाडी काढतो, कारण एका ठिकाणच्या तासांवर घर चालत नाही. मस्टरवर तासाची सही असते. तास संपल्यावर कोपऱ्यात उभी राहिलेली, विचारू की नको अशा घोटाळ्यातली मुलगी मस्टरवर कुठेच नसते. तिच्यासाठी दिलेल्या पंधरा मिनिटांचा मोबदला नाही, आणि वर्ष संपताना पुढच्या वर्षीची शाश्वतीही नाही. अशा माणसाकडून त्याने गावात पाच वर्षे घालून एखादी नाट्यसंस्था, एखादे संशोधन किंवा एखादे ग्रंथालय उभे करावे अशी अपेक्षा कशी करणार? कामचुकार शिक्षकाला जाब विचारण्याचे मार्ग आहेत: विद्यार्थ्यांचे अभिप्राय, विभागाचे परीक्षण, पदोन्नतीच्या अटी. ते कडक करा, माझा पाठिंबा आहे. पण जो उद्या इथे असणारच नाही, त्याला जाब तरी कशाचा विचारणार? जबाबदारी मुक्कामातूनच येते.

आणि फुल्यांचा प्रश्न. तो मी टाळलेला नाही. उलट माझ्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार तोच आहे. १८८२ मध्ये कॉलेजात मूठभर वरच्या वर्गाची मुले होती, म्हणून तिथला खर्च अन्याय होता. आज नाशिकच्या अनुदानित कला आणि विज्ञान शाखांच्या वर्गांत कोण बसते? ज्यांच्या घरात पदवी घेणारे हेच पहिले, अशी मुले-मुली मोठ्या संख्येने बसतात. सधन घरांनी खासगी विद्यापीठांची, परगावची आणि परदेशाची वाट धरली आहे. म्हणजे बहुजनांची मुले कॉलेजच्या दारात पोहोचली आणि नेमक्या त्याच वेळी आपण आतला शिक्षक काढून घेतो आहोत. कुसुमाग्रजांच्या पिढीला मुक्कामी शिक्षक मिळाला आणि सुरगाण्याहून आलेल्या मुलीला तासावरचा, ही असमानता फुल्यांनी पाहिली असती तर त्यांनी आपले निवेदन पुन्हा लिहिले असते, आणि या वेळी कॉलेजच्या बाजूने लिहिले असते असे मला वाटते.

इथे वाद संपत नाही, पण माझ्या मते तो कुठे येऊन ठेपतो ते सांगतो. पूर्वपक्षाचे दोन मुद्दे मला मान्य करावे लागतात. कॉलेज जवळ असणे पुरेसे नसते, वसतिगृहाविना दार अर्धेच उघडते. आणि नामवंतांची यादी हा संस्थेच्या मोलाचा पुरावा नव्हे. हे दोन्ही स्वीकारल्यावरही एक गोष्ट उरते. या आवारातली नावे वाचली तर ती दोन प्रकारची आहेत. महाविद्यालयांना दात्यांची नावे आहेत: मुंबईच्या ठाकरसींचे, सिन्नरच्या भिकुसा यमासा क्षत्रियांचे. कापसाच्या आणि विडीच्या धंद्यातला पैसा, म्हणजे त्यामागच्या कामगारांचे कष्टही, इथल्या भिंतींत आहेत. संस्थेला आणि आवाराला मात्र शिक्षकांची नावे आहेत, गोखल्यांचे आणि कुलकर्ण्यांचे. कॉलेज दोघांनी मिळून उभे केले. १९२४ साली पैसा दुर्मीळ होता आणि आयुष्य वाहून घेणारा शिक्षक शोधावा लागत होता. तरी दोन्ही मिळाले. मुंबई विद्यापीठाशी जोडलेले हे कॉलेज १९४९ नंतर पुणे विद्यापीठाकडे आले, विज्ञान वाढले, १९५७ साली वाणिज्य महाविद्यालय निघाले, आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी आली आहे. चौकटी बदलत राहतात. चौथे वर्ष वाढवणे एका परिपत्रकाने होते, पण त्या वर्षात विद्यार्थ्याच्या संशोधनाला हात देणारा शिक्षक परिपत्रकाने येत नाही.

म्हणून शहरातल्या कोणत्याही कॉलेजची परीक्षा घ्यायची झाली, तर मी एकच माप सुचवतो, आणि ते पालकांना, पत्रकारांना, संस्थाचालकांना आणि मंत्रालयालाही वापरता येईल. तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या मुलांना विचारा की तुम्ही पहिल्या वर्षाला आलात तेव्हा तुम्हाला शिकवणाऱ्यांपैकी किती जण आज इथे आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना तुमचे नाव ठाऊक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरकारच्या आणि संस्थेच्या हातात आहे, दुसऱ्याचे शिक्षकाच्या. दोन्ही आकडे चांगले असतील तर त्या कॉलेजात उद्याचा कवी आहे की नाही याची चिंता करू नका. सुरगाण्याहून आलेली मुलगी तास संपल्यावर कोपऱ्यात थांबेल, आणि तिची शंका ऐकून घ्यायला कोणीतरी तिथे असेल.